शहाणपणाला माप असते का? वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या अंकातील बुद्ध्यंकावरील लेखाच्या शेवटी ‘बुद्धीप्रमाणेच शहाणपण मोजण्याचेही प्रयत्न झाले आहेत’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले होते. मूळ लेखापेक्षा त्या एका वाक्यावरच अधिक पत्रे आली. त्यांतील सहा पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझ्या पुतण्याने मोबाइलवर शहाणपणाची एक चाचणी पाठवली. त्यात अठ्ठावीस विधाने होती आणि प्रत्येक विधानासमोर ‘पूर्णपणे असहमत’पासून ‘पूर्णपणे सहमत’पर्यंत पाच पर्याय होते. घरातील चौघांनी ती सोडवली आणि सर्वांत कमी गुण मला पडले. ‘मोठे निर्णय मी शक्य तितके लांबणीवर टाकतो’ अशा अर्थाच्या विधानाला मी मोठ्या अभिमानाने ‘पूर्णपणे सहमत’ असे उत्तर दिले होते. माझी कॉलेजात जाणारी नात म्हणते, ‘आजोबा, तिथेच तुमचे गुण गेले.’ आयुष्यभर शाळा चालवलेल्या माणसाने हे कसे समजून घ्यावे?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, सातारा

उत्तर : आपल्या नातीचे निदान बरोबर आहे. वर्णनावरून ही चाचणी ‘जेस्ते-थॉमस विज्डम इंडेक्स’ असावी, किंवा तिच्यावर बेतलेली असावी. पुण्यात वैद्यकीय शिक्षण आणि मुंबईत मनोविकारशास्त्राचे प्रशिक्षण घेऊन अमेरिकेत गेलेले डॉ. दिलीप जेस्ते यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील सहकाऱ्यांसह 2017 मध्ये 24 विधानांची एक मापनी प्रसिद्ध केली. ती 25 ते 104 वर्षे वयाच्या 524 व्यक्तींवर तपासून पाहिलेली होती. तिच्यात शहाणपणाचे सहा घटक धरलेले होते : आत्मपरीक्षण, भावनांवरील ताबा, इतरांच्या उपयोगी पडण्याची वृत्ती, भिन्न मूल्यांविषयी सहिष्णुता, सल्ला देण्याची क्षमता आणि निर्णयक्षमता. पुढे अध्यात्म हा सातवा घटक आला आणि विधाने 28 झाली. आपले गुण गेले ते निर्णयक्षमतेच्या रकान्यात. जेस्ते यांच्या मांडणीनुसार माहिती अपुरी असली तरी वेळ आल्यावर निर्णय घेता येणे हा शहाणपणाचा भाग आहे, म्हणून दिरंगाईची कबुली देणाऱ्याचे गुण कमी होतात. आपण मात्र ते विधान वाचताना दिरंगाईचा नव्हे, सबुरीचा विचार केला असणार. एकाच वाक्यात दोन माणसांना दोन वेगळे गुण दिसावेत, हे स्वतःबद्दल विचारणाऱ्या प्रत्येक प्रश्नावलीचे जुने दुखणे आहे.

हीच गोष्ट बर्लिनमध्ये कशी मोजली गेली, ते पाहण्यासारखे आहे. तेथील माक्स प्लांक संस्थेत पॉल बाल्टेस, उर्सुला स्टाउडिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकापासून जी पद्धत विकसित केली, तिच्यात माणसाला स्वतःविषयी काहीच विचारले जात नाही. त्याच्यासमोर एका काल्पनिक व्यक्तीची अडचण ठेवतात आणि त्यावर मोठ्याने विचार करायला सांगतात. ‘पंधरा वर्षांच्या एका मुलीला ताबडतोब लग्न करायचे आहे, तिने काय करावे, कशाकशाचा विचार करावा?’ ही त्यांतली सर्वांत गाजलेली अडचण. जे बोलले जाईल ते ध्वनिमुद्रित करून उतरवून घेतात आणि प्रशिक्षित परीक्षक पाच कसोट्यांवर त्याला सातपैकी गुण देतात. जीवनाविषयीची माहिती, जीवन कसे जगावे याचे ज्ञान, माणसाचे वय आणि परिस्थिती लक्षात घेण्याची दृष्टी, मूल्ये माणसागणिक वेगळी असतात याचे भान आणि भविष्य अनिश्चित आहे हे ओळखून त्यातून वाट काढण्याची तयारी, अशा त्या पाच कसोट्या आहेत. ‘छे, पंधराव्या वर्षी लग्न म्हणजे शुद्ध वेडेपणा’ एवढेच म्हणून थांबणाऱ्याला कमी गुण पडतात. ‘सर्वसाधारणपणे हे चूकच, पण या मुलीला असाध्य आजार आहे का, ती नुकतीच पोरकी झाली आहे का, ती कोणत्या समाजात आणि कोणत्या काळात राहते,’ असे विचारत जाणाऱ्याला अधिक गुण मिळतात. पाचपेक्षा अधिक सरासरी गाठणारी माणसे या प्रयोगांत फारच थोडी निघाली.

पाचवी कसोटी पुन्हा एकदा वाचावी, कारण ती आपल्या बाजूची आहे. सॅन डिएगोत ज्या सावधपणामुळे आपले गुण गेले, त्याच सावधपणाची कारणे आपण नीट उलगडून सांगितली असती तर बर्लिनमध्ये आपल्याला गुण मिळाले असते.

मात्र बर्लिनची पद्धतही निर्दोष आहे असे मला वाटत नाही. मराठवाड्यातल्या एखाद्या गावात बालविवाह रोखण्यासाठी रात्री-अपरात्री लोकांच्या दारात उभ्या राहणाऱ्या अंगणवाडीसेविकेला हाच प्रश्न विचारला, तर ती ‘नाही म्हणजे नाही’ एवढेच म्हणेल. ‘परिस्थिती पाहावी लागेल’ हीच पळवाट तिने शंभर वेळा ऐकलेली असते. तिचे एका ओळीचे उत्तर गुणपत्रिकेत खाली राहील, आणि बोलण्याची सवय असलेला एखादा प्राध्यापक तिच्यापुढे निघून जाईल. या प्रयोगांत उपचार करणाऱ्या (चिकित्सक) मानसशास्त्रज्ञांना इतरांपेक्षा अधिक गुण मिळाले. त्यांचा रोजचा व्यवसायच अशा अडचणींवर बोलण्याचा आहे, तेव्हा त्यात शहाणपण किती आणि सराव किती, हे वेगळे काढणे अवघड आहे. फ्लोरिडा विद्यापीठातील मोनिका आर्डेल्ट यांचा आक्षेप याहून मूलगामी आहे. शहाणपण माणसाच्या ठायी असते, त्याच्या उत्तरात नसते, आणि बर्लिनकर मोजतात ते शहाणपणाविषयीचे ज्ञान, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी स्वतः 2003 मध्ये 39 विधानांची मापनी तयार केली. सत्य जाणून घेण्याची ओढ, एकाच गोष्टीकडे अनेक बाजूंनी पाहण्याची सवय आणि इतरांविषयी कणव, अशी तिची तीन अंगे आहेत.

पण त्यातही माणूस स्वतःच स्वतःला गुण देतो, आणि खरी गोम तिथेच आहे. शहाणा माणूस आपल्या मर्यादा ओळखून असतो, म्हणून तो ‘बहुधा’, ‘कधीकधी’ अशी मधली उत्तरे निवडतो. ज्याला आपल्या शहाणपणाविषयी तिळमात्र शंका नाही, तो सगळीकडे टोकाची खूण करून वरचा क्रमांक पटकावतो. ऑस्ट्रियातील क्लागेनफुर्ट विद्यापीठाच्या युडिथ ग्ल्यूक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये अशा अनेक मापन्या त्याच माणसांना सोडवायला देऊन पडताळणी केली. प्रश्नावल्यांचा आपापसांत बऱ्यापैकी मेळ बसला, पण प्रश्नावल्या आणि बर्लिनची पद्धत यांच्यातला सहसंबंध क्षीण निघाला. म्हणजे ‘मी कसा आहे’ असे विचारून जे हाती लागते आणि ‘आता या अडचणीवर बोला’ असे सांगून जे हाती लागते, त्या दोन गोष्टींना एकच नाव देण्याची घाई झालेली आहे. तेव्हा आपल्या गुणांवरून आपण स्वतःला दिरंगाई करणारे म्हणवून घेतले एवढेच सिद्ध होते. नातीला मात्र अवश्य शाबासकी द्यावी, कारण मापनीची रचना तिने बरोबर ओळखली.

प्रश्न : बुद्ध्यंक जास्त असलेला माणूस आपोआप शहाणाही असतोच ना? मग वेगळ्या मापनीची गरज काय?
— अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : नसतो. दोहोंत थोडा सहसंबंध आढळतो, पण एकावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येईल इतका नाही. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे इगॉर ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दाखवले की शहाणपणाने, म्हणजे विवेकी विचार करणाऱ्यांचे समाधान अधिक आणि नातेसंबंध बरे असतात, तर बुद्धिमत्तेच्या गुणांचा असा संबंध दिसत नाही. बुद्धिमत्तेच्या चाचणीत प्रश्न आधीच ठरलेला असतो आणि त्याचे एकच बरोबर उत्तर असते. सासू-सुनेच्या भांडणात मुळात प्रश्न कोणता, यावरच एकमत नसते.

प्रश्न : भगवद्गीतेने दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे इतक्या नेमकेपणाने सांगून ठेवली असताना आम्ही बर्लिन आणि कॅलिफोर्नियाकडे कशासाठी पाहायचे?
— एक वाचक, पणजी

उत्तर : दोन्हींकडे पाहावे, आणि ते काम झालेलेही आहे. वर उल्लेखिलेले डॉ. जेस्ते आणि त्यांचे सहकारी डॉ. इप्सित वाहिया यांनी 2008 मध्ये गीतेतील शहाणपणाची कल्पना आधुनिक मानसशास्त्राशी ताडून पाहणारा निबंध प्रसिद्ध केला. गीतेच्या इंग्रजी भाषांतराची संगणकाच्या साहाय्याने छाननी करून त्यांनी ज्ञानी आणि अज्ञानी माणसांची वर्णने कुठे कुठे आली आहेत ते वेचून काढले. जीवनाचे ज्ञान, भावनांचे नियमन, करुणा, नम्रता, निर्णयक्षमता अशा बऱ्याच गोष्टी दोन्हीकडे सारख्या निघाल्या. इच्छांवरील संयम आणि भोगांचा त्याग यांवर गीतेचा भर मात्र पाश्चात्त्य मापन्यांत जवळजवळ आढळत नाही. सबंध अभ्यास भाषांतरावर उभा आहे, ही त्याची मर्यादा आहे. प्रज्ञा, बुद्धी, धी आणि ज्ञान या चार शब्दांचे चार वेगळे अर्थ भाषांतरात बऱ्याचदा एकात मिसळून जातात, त्यामुळे मूळ संस्कृतावरून हे काम पुन्हा व्हायला हवे.

आपल्या प्रश्नात मला याहून महत्त्वाचा एक मुद्दा दिसतो. अर्जुनाचा प्रश्न (2.54) तपासून पाहावा : ‘स्थितधीः किं प्रभाषेत किमासीत व्रजेत किम्’, म्हणजे स्थिर बुद्धीचा माणूस बोलतो कसा, बसतो कसा, चालतो कसा? हा चक्क मापनाचा प्रश्न आहे. बाहेरून दिसणाऱ्या कोणत्या वागणुकीवरून असा माणूस ओळखायचा, हे अर्जुनाला हवे आहे. श्रीकृष्णाचे उत्तर मात्र बरेचसे आतले आहे : दुःखात उद्विग्न न होणारे मन, सुखाची हाव सुटलेली, आसक्ती, भय आणि क्रोध गेलेले. बाहेरून पाहणाऱ्याला दुःखात शांत राहिलेला माणूस आणि दगडी काळजाचा माणूस यांतला फरक कळत नाही, आणि प्रश्नावली भरून घेणाऱ्या मानसशास्त्रज्ञाचीही नेमकी हीच अडचण आहे. लक्षणे सांगणे आणि ती समोरच्या माणसात आहेत की नाहीत हे ठरवणे, ही दोन वेगळी कामे आहेत. गीतेने पहिले केले. दुसरे काम तिने अंगावर घेतलेले नाही.

प्रश्न : ‘हे केस काही उन्हाने पांढरे झालेले नाहीत’ असे आमचे वडील म्हणत आणि त्यांच्या माघारी आई ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत असे. मोजमाप करणाऱ्यांच्या मते दोघांपैकी खरे कोण?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कोणती मापनी हातात आहे त्यावर ते ठरते. बर्लिनच्या पद्धतीने पाहिले तर पौगंडावस्थेत आणि तारुण्याच्या सुरुवातीला शहाणपण झपाट्याने वाढते आणि पंचविशीपासून पंचाहत्तरीपर्यंत सरासरी जवळपास सपाट राहते. म्हणजे वडीलही चूक आणि आईही चूक. मानसशास्त्रज्ञ जेफ्री वेब्स्टर यांच्या प्रश्नावलीत मध्यमवयातली माणसे पुढे दिसतात.

वडिलांच्या बाजूने सर्वांत भक्कम साक्ष मिशिगनमधून येते. ग्रॉसमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 मध्ये तेथील 247 लोकांना दोन गटांच्या संघर्षाच्या कथा वाचायला दिल्या. त्यांतली एक ताजिकिस्तानात स्थलांतर केलेल्या किरगिझ लोकांची होती. त्यांना आपल्या चालीरीती जपायच्या होत्या आणि स्थानिकांना वाटत होते की त्यांनी पूर्णपणे मिसळून जावे. पुढे काय होईल आणि का, यावर प्रत्येकाला बोलते केले. त्याचबरोबर ‘डिअर ॲबी’ या अमेरिकेतील प्रसिद्ध सल्ला-सदराला आलेली खरी पत्रेही वापरली (वाचकांच्या पत्रांना उत्तरे देणाऱ्या माणसाला ही नोंद वाचून किंचित बरे वाटले, हे लपवत नाही). दुसऱ्याची बाजू पाहणे, तडजोडीची वाट शोधणे, आपल्याला सगळे ठाऊक नाही हे मान्य करणे, या बाबतींत साठीच्या पुढची माणसे तरुणांपेक्षा सरस ठरली. बुद्धिमत्तेच्या चाचणीतील ज्या कामांना चपळाई लागते त्यांत वयानुसार घट होते, आणि तरीही हे घडले.

पण 2012 मध्ये हाच प्रकार जपानमध्ये करून पाहिला, तेव्हा तेथील तरुणही विवेकात पुढे निघाले आणि वयानुसार होणारी वाढ जवळजवळ दिसली नाही. संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे की ज्या समाजात चारचौघांशी जुळवून घ्यायला लहानपणापासून शिकवतात, तेथे जे शिकायला अमेरिकन माणसाला अर्धे आयुष्य लागते, ते आधीच येते. ते मला पटण्याजोगे वाटते, फक्त एका गोष्टीची आठवण ठेवावी लागते. हे सगळे अभ्यास एकाच वेळी वेगवेगळ्या वयाच्या माणसांची तुलना करतात. आजचा सत्तरीचा माणूस तिसाव्या वर्षी कसा होता, ते त्यांतून कळत नाही. आईच्या म्हणीसाठी म्हणाल, तर स्मृतिभ्रंशासारखा आजार नसेल तर तिच्या बाजूने पुरावा तोकडा आहे.

प्रश्न : आमच्या कारखान्यात पर्यवेक्षकांच्या बढतीच्या मुलाखतीबरोबर शहाणपणाची एखादी प्रश्नावली मराठीत भाषांतर करून द्यावी, असा माझा विचार आहे. कोणती घ्यावी?
— मनुष्यबळ विभागातील अधिकारी, नाशिक

उत्तर : कोणतीही घेऊ नये. बढती पणाला लागलेली असताना ‘मी रागात असलो तरी नीट विचार करू शकतो’ या विधानापुढे ‘असहमत’ लिहिणारा पर्यवेक्षक एकतर संत असेल नाहीतर बेफिकीर. आपल्याला चांगले म्हणावे अशी उत्तरे देण्याचा हा कल संशोधनातसुद्धा डोकेदुखी ठरतो, आणि तेथे तर कोणाच्या पगाराचा प्रश्नच नसतो. भाषांतराचीही एक अडचण आहे. ‘लोक माझ्याकडे सल्ला मागायला येतात’ अशा धर्तीचे विधान आपल्याकडच्या मर्यादशील माणसाला आत्मप्रौढीचे वाटते. वीस वर्षे सगळी पाळी ज्याच्या शब्दावर चालते, असा माणूसही तेथे संकोचून मधल्या पर्यायावर खूण करील. वाक्य मराठीत आणले म्हणजे मापनी मराठीत आली असे होत नाही. मराठी भाषकांच्या मोठ्या गटावर तिची विश्वसनीयता (ती दर वेळी सारखेच मोजते का) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजते का) नव्याने तपासावी लागते.

तिसरे कारण मला सर्वांत वजनदार वाटते. व्यक्तिमत्त्वाचा स्थिर गुण म्हणून शहाणपण मोजायला निघालेल्यांना ते बरेच अस्थिर आढळले. ग्रॉसमन आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये लोकांकडून रोजच्या अडचणींच्या नोंदी करून घेतल्या, तेव्हा एकाच माणसाच्या विवेकात दिवसादिवसाला मोठा चढउतार दिसला. कोणाचा रक्तदाब सरासरीने जास्त किंवा कमी असतो हे खरे, पण जिना चढून आल्याबरोबर घेतलेल्या एकाच आकड्यावर कोणी औषध सुरू करत नाही. येथेही तसेच आहे. यावर उपाय म्हणून 2018 मध्ये 21 विधानांची एक मापनी आली. तिच्यात आधी नुकताच घडलेला एखादा खटका आठवायला सांगतात : केव्हा झाला, कुठे झाला, मनात काय आले. मगच त्या एका प्रसंगाविषयी प्रश्न विचारतात. ‘मी कसा आहे’ या प्रश्नाला जितकी बढाई चिकटते, तितकी ‘त्या मंगळवारी मी काय केले’ या प्रश्नाला चिकटत नाही.

आपल्याला एवढेच उचलता येईल. मुलाखतीत ‘पाळीतले भांडण मिटवल्याचा अलीकडचा एक प्रसंग सांगा’ असे विचारावे, त्या दोन कामगारांपैकी ज्याची बाजू उमेदवाराला पटली नव्हती तिची मांडणी त्यालाच करायला लावावी, आणि ऐकावे. त्या मांडणीला गुण द्यायचे असतील तर दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे द्यावेत. हे मापन नव्हे, पण छापील प्रश्नावलीपेक्षा यातून अधिक कळेल.

प्रश्न : मी काही वर्षे आमच्या गावच्या तंटामुक्ती समितीवर होतो. दोघांना समोरासमोर बसवून बांधाची, विहिरीची, वाटेची पुष्कळ भांडणे आम्ही मिटवली. पण माझ्या स्वतःच्या थोरल्या भावाशी बांधावरून वाद झाला आणि आम्ही दोघे आता एकमेकांशी बोलत नाही. बायको म्हणते, ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.’ माझे शहाणपण खोटे होते का?
— एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : खोटे नव्हते. आपल्या पत्नीने जी म्हण वापरली, तिची प्रयोगशाळेत परीक्षा झालेली आहे. ग्रॉसमन आणि ईथन क्रॉस यांनी 2014 मध्ये काही लोकांना ‘आपल्या जोडीदाराने आपल्याला फसवले’ अशी कल्पना करायला सांगितली आणि काहींना ‘मित्राच्या जोडीदाराने मित्राला फसवले’ अशी. दुसऱ्याच्या अडचणीवर बोलताना लोकांनी दोन्ही बाजू पाहिल्या आणि तडजोडीच्या वाटा शोधल्या. स्वतःच्या अडचणीवर बोलताना तीच कुवत आखडली. हा फरक तरुणांत जितका दिसला तितकाच वडीलधाऱ्यांतही दिसला. जगाला न्याय देणाऱ्या पण स्वतःचे घर न सावरलेल्या बायबलमधील सॉलोमन राजावरून त्यांनी याला ‘सॉलोमनचा विरोधाभास’ असे नाव दिले. शहाणपण हा सदरा-टोपीसारखा सदासर्वदा अंगावर असणारा गुण आहे असे मानले, तर आपले वागणे ढोंग ठरते. ते प्रसंगानुसार कमीजास्त होते असे मानले, तर त्यात अनाकलनीय काही उरत नाही. समितीत आपण तिसरे असता. भावापुढे आपण पहिले किंवा दुसरे असता.

त्याच प्रयोगात यावरचा उताराही सापडला. स्वतःच्या अडचणीकडे परक्याच्या नजरेने पाहायला सांगितले, तेव्हा तो फरक नाहीसा झाला. नंतर 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांना सुमारे चार आठवडे रोजनिशी लिहायला लावली. ज्यांनी दिवसातला महत्त्वाचा प्रसंग ‘मी’ऐवजी तृतीयपुरुषात लिहिला, त्यांच्या विवेकी विचारात ‘मी’ने लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक वाढ झाली. आपणही महिनाभर करून पाहावे. वहीत ‘दादा मला असे म्हणाला’ असे न लिहिता, समितीपुढे आलेल्या दोन भावांची हकिगत लिहावी तशी लिहावी : धाकटा शेतात गेला, थोरल्याने बांधावर दगड रचलेले पाहिले, धाकट्याने काय विचारले, थोरल्याने काय ऐकले. दोघांची नावे लिहावीत आणि आपले नाव लिहिताना हात अडखळला तरी खोडू नये. यातून भावाशी बोलण्याची वाट कदाचित सापडेल. बांध नेमका कुठून जातो हे मात्र वहीतून कळणार नाही. त्यासाठी दोघांनी मिळून भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करावा.